कुलवृत्तांतात नसलेल्या लेकी

बाबांना झोपाळ्यावर बसवायचं, ही युक्ती आईची. खुर्चीवर बसले की त्यांचा एक पाय आपोआप पुढे जायचा, खांदा उडायचा, बोटं मांडीवर पेटी वाजवल्यासारखी चालायची आणि समोरचा पाहुणा चहा प्यायचं विसरून त्यांच्याकडेच बघत राहायचा. झोपाळ्यावर मात्र सगळीच माणसं हलतात. एक हात कडीत गुंतवायचा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र, पायाने हलका झोका. पंधरा-वीस मिनिटं तरी माणूस चारचौघांसारखा दिसतो. ताईला बघायला शेखरकडची मंडळी आली त्या दुपारीही बाबा झोपाळ्यावरच होते. मी माजघराच्या दाराशी उभी राहून मनात मिनिटं मोजत होते. आई पोह्यांच्या बशा घेऊन आत-बाहेर करत होती आणि दर फेरीला माझ्या कानाशी पुटपुटत होती, "बघ गो, कडी सोडली नाही ना त्यांनी?" शेखरच्या वडिलांनी विचारलं, "मास्तर, शाळा इतक्या लवकर का सोडलीत?" बाबा म्हणाले, "वर्तुळं वाकडी यायला लागली." सगळे हसले. मास्तर मोठे विनोदी आहेत, असं ठरलं. बाबा भूमितीचे शिक्षक होते आणि त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

मी धाकटी, मेधा. तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. ताई म्हणजे स्मिता, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, बालवाडीत शिकवायची. ती बसली की बसली. देवापुढच्या समईची वात हलेल पण ताई हलणार नाही. मी उलट. एका जागी दोन मिनिटं बसवायचं नाही मला. जेवताना पाय हलवायचे, वाचताना वेणीचं टोक चावायचं, बोलताना हातवारे. "भिंगरी आहे मेली," असं सगळे कौतुकाने म्हणत. बाबांचं सुरू झालं तेव्हा ते कौतुक कधी बंद पडलं ते मला कळलं नाही. एक दिवस मी पाय हलवत वाचत बसले होते आणि आईने येऊन माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला. तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. आता पन्नाशी दाराशी आली आहे, बाबांचं ज्या वयात सुरू झालं ते वय मी मागे टाकलं आहे, तरी रोज सकाळी दात घासून झाले की दोन्ही हात समोर धरून बघते. आज बघितले, ठीक होते.

आमचं घर त्या काळात आवाजांनी भरलेलं असायचं. बाबांच्या चपलेचा एक फटका जोरात, दुसरा हळू, मग मधेच तिसरा, कुठल्याही तालात न बसणारा. भांडं पडायचं. दार भिंतीवर आपटायचं. झोपाळ्याच्या कड्या तर दिवसभर कुरकुरत. स्वयंपाकघरात आई नारळ खोवत असायची आणि बाबांच्या खोलीतून काही पडल्याचा आवाज आला की तिचे हात थांबायचे, कान टवकारायचे, पुढचा आवाज येईस्तोवर. बाबांना घास अडकायला लागला होता, म्हणून त्यांच्या ताटात मऊ भात, मेतकूट, कुळथाचं पिठलं, असंच सगळं गिळता येण्याजोगं. त्यांना खरं तर फणसाची भाजी आणि खरपूस घावन आवडायचं. एकदा रागाने त्यांनी मऊ भाताचं ताट भिरकावलं. भिंतीवर भात. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस! मग स्वतःच रडायला लागले. ताईने भिंत पुसली, आईने दुसरं ताट वाढलं, आणि मी? मी परसात जाऊन लाथा मारून एक केळ आडवी केली. मला असंच सुचतं.

गावात काय काय म्हणत! मास्तर घेतात, असं पहिली काही वर्षं. वर्गातली कार्टी त्यांच्या चालीची नक्कल करत शाळेच्या फाटकापर्यंत मागे यायची. मग, अंगात वारं आहे. मग, कुळाचं काही राहिलं असेल, गाऱ्हाणं घाला. आमचे अण्णाकाका, बाबांचे चुलतभाऊ, शेजारीच राहायचे. आंब्याची कलमं, पोफळी, आणि घराण्याचा अभिमान, ही त्यांची तीन पिकं. ते म्हणायचे, "आपल्या घराण्यात पुरुषांच्या अंगी हे येतं अधूनमधून. बुद्धीची धग असते ती, शरीराला सोसत नाही." आई हे ऐकून घ्यायची. तिने त्यातला एकच शब्द उचलून घट्ट धरला होता: पुरुषांच्या. तिला दुसरीही मुलगीच झाली तेव्हा बायका हळहळायला आल्या होत्या, आणि ती तोंड पाडून बसली खरी, पण आतून तिला हायसं वाटलं होतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, उकडीचे मोदक वळताना, अगदी सहज. तिच्या सासऱ्यांचे शेवटचे दिवस तिने काढले होते, पुढे नवऱ्याचं काय होणार ते तिला लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. "पण तुम्ही दोघी पोरी. तुम्ही दुसऱ्याच्या कुळात जाणार. कन्यादान झालं, गोत्र बदललं, सुटलात. मी रोज देवाला हात जोडते त्याचे." एवढा एक आधार होता त्या बाईला. दुसरा कुठलाच नव्हता.

ताईचा साखरपुडा झाला, माघातला मुहूर्त धरला. शेखर मिरजोळ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. साधा, जरा लाजरा, हसला की कान लाल व्हायचे. ताईला तो मनापासून आवडला होता, हे तिने मला न सांगता मला कळलं, कारण ती बालवाडीतून येताना गाणं गुणगुणायला लागली होती आणि ताई कधीच गात नसे. त्याच सुमारास मुंबईच्या एक मेंदूच्या डॉक्टरीणबाई शिबिराला येणार असं कळलं. बाबांनी हट्ट धरला. "मला बरं करू नका. नाव तेवढं सांगा म्हणावं. दहा वर्षं बिननावाचं वागवतोय." आईला लग्नाची कामं होती, आणि खरं म्हणजे तिला जायचंच नव्हतं. म्हणून मी गेले.

एका शाळेच्या हॉलमध्ये शिबिर होतं. बाकावर आमच्या शेजारी एक जोडपं बसलं होतं, मिरकरवाड्याचं. हसनभाई आणि त्यांची बायको हलीमाबी. हसनभाई जाळी विणायचे आणि दुरुस्त करायचे, आता हात ऐकत नव्हते म्हणून घरी. मी त्यांच्याकडे बघितलं. तोच पाय. तीच बोटं. तसाच खांदा वर उडणारा, भुवया उगाच चढणाऱ्या, जणू कुणी काही नवल सांगतंय. मी आजवर समजत होते हे फक्त आमचं आहे, आमच्या बाबांचं. बाबांनीही बघितलं. बराच वेळ दोघं एकमेकांचे पाय बघत राहिले. मग बाबा म्हणाले, "तुमचा डावा जास्त. माझा उजवा." हसनभाई खो खो हसले. "मास्तर, दोघांना एकत्र बांधला तर एक माणूस सरळ चालेल!" बाबांना इतकं मोकळं हसताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. पुढे बाबा जाईपर्यंत ते दोघं भेटत राहिले, हलीमाबी रिक्षातून त्यांना घेऊन यायची.

हलीमाबीशी मी बोलायला लागले. "यांना कधीपासून?" तिने बोटांवर हिशेब केला. "धाकटी झाली त्याच्यानंतर. पण आमाला ठावं होतं गो, येणार ते. माझ्या सासूला होतं. सासूच्या बापाला होतं. आता यांच्या बहिणीला पण लागलंय."

"बहिणीला? बायकांना पण होतं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तर! त्याला काय, बाई काय नि पुरुष काय. सासूकडूनच तर यांच्यात आलं."

डॉक्टर मंत्री, त्या मुंबईच्या बाई, बुटक्या, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, बोलणं भरभर. त्यांनी बाबांना चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली, जी बाबांना धरता आली नाही, आणि नाव सांगितलं. हंटिंग्टन. बाबा म्हणाले, "नाव जुन्या कलेक्टरासारखं आहे." पण त्यांचा चेहरा खुलला होता. रक्त घेतलं, ते तपासणीला जाणार होतं, पण बाईंना जवळपास खात्रीच होती. मग त्यांनी मला समजावलं. प्रत्येक पेशीत एक भलामोठा मजकूर असतो, त्यात एका ठिकाणी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहिलेली असतात. सगळ्यांच्यातच असतात, वीस-बावीस वेळा वगैरे. काही घराण्यांत ती चाळीसच्या वर जातात, मग हा आजार होतो. गोऱ्या लोकांत जास्त, चीन-जपानकडे फार कमी, आपण मध्ये कुठे तरी. "निदान असं वाटतं," त्या म्हणाल्या, "कारण आपल्याकडे नीट शोधलंच कुणी नाही. इथे दारुडा म्हणतात, वेडा म्हणतात, मोकळे होतात." त्यांच्याकडे एक जाडजूड वही होती. त्यात घरंच्या घरं काढलेली, चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, काळा केलेला म्हणजे आजारी. कच्छचं एक घर, हैदराबादचं एक, पंजाबातलं, केरळातलं. काही घरांत आजार बाहेरून आलेला असावा, काहींत इथेच उपजलेला, ते शोधणं हेच त्यांचं काम. मी पानं उलटत होते आणि मला दिसत होतं, काळे चौकोन जितके, तितकेच काळे गोल.

"मुलांना किती शक्यता?" मी विचारलं.

"निम्मी. प्रत्येकाची वेगळी. नाणं दर खेपेला नव्याने उडवायचं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही किती भावंडं?"

"दोघी. ताईचं लग्न ठरलंय."

बाईंनी एक कोरा कागद दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या घराण्याचं मला असं काढून आण. जितक्या मागच्या पिढ्या मिळतील तितक्या. आणि मुलींसकट हां, मुली सोडायच्या नाहीत."

घरी येऊन मी सांगायला गेले तर आई भडकली. ताई तेव्हा बालवाडीत होती. अण्णाकाका पडवीत बसले होते, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि गंमत बघा, 'गोऱ्या लोकांत जास्त' एवढं ऐकल्यावर त्यांची कळी खुलली. स्वतःच्या घाऱ्या डोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ! मी सांगत होतोच. आपलं मूळ कुठलं ते ह्यावरून कळतं." आजार गेला चुलीत, माणसाला मूळ सापडलं! मी म्हटलं, "काका, बायकांना होतो तो." त्यांनी हात झटकला. "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईच म्हणतात ना, दर लोकांत प्रमाण निराळं म्हणून? मग रीतही निराळी. असेल मिरकरवाड्याच्या लोकांत बायकांना. आपल्यात नाही. थांब." ते घरी जाऊन कुलवृत्तांत घेऊन आले. आमच्या आडनावाच्या सगळ्या घराण्यांची छापील वंशावळ, जाड पुठ्ठ्याची, देव्हाऱ्यातल्या पोथ्यांबरोबर ठेवलेली. माझ्या मांडीवर आपटून म्हणाले, "यात आपली आठ पिढ्या माणसं आहेत. एक बाई दाखव मला. एक." आई दाराशी उभी होती. तिने काकांकडे असं बघितलं, जसं देवाकडे बघतात.

मी ते पुस्तक चार दिवस वाचलं. अभ्यास गेला खड्ड्यात. आणि वाचता वाचता मला हसू फुटायला लागलं, वाईट हसू. आमच्या शाखेत केवढी विरक्ती! एक पणजोबा 'उत्तरवयात लोकसंपर्क सोडून एकांतात राहिले.' दुसरे 'नर्मदेस गेले ते परतले नाहीत.' एक 'चित्त अस्थिर झाल्याने संसारातून निवृत्त.' आजोबा 'अखेरीस केवळ नामस्मरणात.' आजोबांना बोलताच येत नव्हतं शेवटी, आई त्यांना चमच्याने पेज भरवायची! मी बाईंच्या कागदावर चौकोन काढत गेले, काळे करत गेले. आणि बायका? प्रत्येक पुरुषाखाली एक ओळ: कन्या २, विवाहित. कन्या ३, विवाहित. संपलं. पुढे त्यांचं काय झालं, मुलं झाली का, कशाने गेल्या, काही म्हणता काही नाही. लग्न झालं की लेक पुस्तकातून बाहेर. काका म्हणाले ते खरंच होतं, त्या पुस्तकात एकही आजारी बाई नव्हती. कारण आजार दिसतो तिशीच्या पुढे, आणि त्यात तिशीच्या पुढची आमची लेकच नव्हती. आठ पिढ्या आमची शिकलेली, शहाणी माणसं अर्धाच कागद वाचत आली होती, आणि त्यावर माझी आई रोज देवाला हात जोडत होती.

बाबांना एक मोठी बहीण होती. अक्काआत्या. हर्ण्याच्या अलीकडच्या एका गावात दिली होती, मी लहान असताना गेली. विहिरीत पाय घसरून, असं सांगायचे. तिच्याकडचं येणंजाणं पुढे तुटलं. मी मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला जाते म्हणून सांगितलं आणि दापोलीची एस्टी पकडली. खिडकीशी बसून सगळ्या वाटेत मी एकच म्हणत होते, काका खरे निघू देत. परमेश्वरा, त्या माणसाला जन्मात एकदा खरा ठरव.

आतोबा थकले होते, खळ्यात सुपाऱ्या वाळत घालत होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी पटकन मान खाली घातली. "इतक्या वर्षांनी माहेरचं कुणी आलं," एवढंच म्हणाले. मी विचारायच्या आधीच आतून त्यांची लेक चहा घेऊन आली. कुसुमताई. चाळिशीची असेल, लग्न होऊन दोन वर्षांत माघारी पाठवलेली. तिच्या हातात ट्रे नव्हता, एका वेळी एकच कप आणत होती, दोन्ही हातांनी धरून, तोही अर्धाच भरलेला. चालताना तिची टाच उंबऱ्याला लागली, मग उगाच एकदा मागे पडली, मग पुढे. बाबांचीच चाल. लुगड्यातले बाबा! मी उठून तिच्या हातातला कप धरला. ती माझ्याकडे बघून हसली आणि तिच्या भुवया उगाच वर चढल्या. आतोबा म्हणाले, "हिची आई घसरली नाही गो पोरी. तिलाही हेच होतं, काठावर स्थिर उभं राहता येत नव्हतं, तरी पाणी काढायला तीच जायची. माझं चुकलं ते." म्हातारा सुपाऱ्या पुढे-मागे सारत रडत होता. त्या घरी मी मुक्काम केला. कुसुमताईने माझ्यासाठी पातोळ्या केल्या, सगळ्या वेड्यावाकड्या, आणि चवीला अप्रतिम.

परत आल्यावर मी आधी आईला गाठलं. ती लग्नातल्या रुखवतासाठी करंज्या तळत होती. मी कागद तिच्यासमोर धरला. दोन काळे गोल. "ही अक्काआत्या. ही कुसुमताई. मी बघून आले, आई." तिने कढई उतरवली. तिला चित्र वाचायला शिकवावं लागलं नाही. तिने बोट ठेवलं ते सरळ खालच्या ओळीवर, दोन कोऱ्या गोलांवर, ताईवर आणि माझ्यावर. मग म्हणाली, "दोघींनाही?"

"माहीत नाही. दोघींना असेल, एकीला असेल, कुणालाच नसेल."

"ताईला सांगायचं नाहीस."

"आई, अगं तिचं लग्न—"

"अक्षता पडू देत. मग काय ते. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, मेधू." आणि मग ती हंबरडा फोडून रडली, मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं. "मला एवढं तरी राहू द्यायचं होतंस गो. एवढं तरी." त्या दिवशी मी शपथ घेतली. तिचं ते रडणं थांबवायला मी काहीही कबूल केलं असतं.

पुढचे अकरा दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. ताई मला मेंदीची पुस्तकं दाखवायची, शालूला कुठला काठ चांगला ते विचारायची. मी 'हा' म्हणायची, 'तो' म्हणायची. घरात बसवेना, बाहेर राहवेना. मांडवीच्या धक्क्यापर्यंत चालत जायचे आणि तशीच परत फिरायचे. एकदा वाटायचं, सांगून काय मिळणार, शेखर चांगला आहे, निभावेल. लगेच वाटायचं, हेच तर आठ पिढ्यांनी केलं. माझ्या आईला कुठे कुणी सांगितलं होतं? तिला झोपाळ्यावर बसवलेला सासरा दाखवला होता; ती युक्ती तिने तिथूनच तर उचलली. बाराव्या दिवशी ताई साडीला फॉल लावत बसली होती आणि गुणगुणत होती. ते गुणगुणणं मला सोसवेना. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. शपथ मोडली, आईच्या गळ्याची.

ताईने टाका पुरा केला, दाताने दोरा तोडला. "किती दिवस माहीत आहे तुला?"

"अकरा."

"अकरा दिवस माझ्याबरोबर मेंदीची नक्षी बघत बसलीस?" तिने साडीची घडी घातली. "चप्पल घाल. मला एकटीला जमणार नाही."

मिरजोळ्याला कारखान्याच्या फाटकाशी आम्ही दोघी पाळी सुटेपर्यंत उभ्या. शेखर स्कूटर ढकलत बाहेर आला, आम्हाला बघून त्याचे कान लाल झाले. ताईने चार वाक्यांत सांगितलं, जसं बालवाडीत मुलांना सांगायची, सावकाश. बाबांना काय आहे, ते मुलांत कसं येतं, तिच्यात असेल किंवा नसेल. त्याने विचारलं, "तपासता येतं?" ती म्हणाली, "येतं. पण मुहूर्ताच्या आत कळायचं नाही. आणि लपवून मला यायचं नाही तुमच्याकडे." त्याने स्कूटर स्टँडला लावली. "उन्हात उभ्या आहात," म्हणाला, आणि समोरच्या टपरीवरून आम्हाला कोकम सरबत आणून दिलं. "मी घरी बोलतो." त्याचा आवाज फुटला होता. वाईट नव्हता हो तो माणूस. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर मला किती सोपं गेलं असतं.

आठवड्याने मध्यस्थ आले. पत्रिका पुन्हा एका जाणकाराला दाखवली, नाडीदोष निघाला, दोन्हीकडच्या भल्यासाठी थांबलेलं बरं. नाडी म्हणे संततीसाठी बघतात. अण्णाकाका तावातावाने पंचांग काढून बसले, नाडी जुळतेय म्हणून. आईने त्यांना हाताने गप्प केलं. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "झालं समाधान?" पुढे कित्येक महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. ताई बोलायची, पण तिचं ते गुणगुणणं गेलं ते गेलंच. एक बाबा तेवढे मला म्हणाले, जड जिभेने, तुटक तुटक, "मेधू. बरं केलंस. मी केलं नाही." त्यावर मी आजवर जगले. आणि तरी खरं सांगते, कुणाचं गाणं मी थांबवलं हे विसरता येत नाही. पुन्हा ती वेळ आली तर? पुन्हा सांगेन. पुन्हा तसंच भोगेन. यातून सुटका नाही मला.

शेखरचं लग्न वैशाखात झालं, चिपळूणची मुलगी. त्यानंतर ताईने डॉक्टर मंत्रींना पत्र लिहिलं. त्यांनी तिला दोनदा बोलावून घेतलं, कळल्यावर काय करशील, न कळलं तर काय करशील, सगळं विचारलं, मगच रक्त घेतलं. मला म्हणाल्या, "तुझं?" मी नाही म्हटलं. दुसऱ्याचं खरं बाहेर काढायला वाघीण, आणि स्वतःची पाळी आली तर माझी बोबडी वळली. अजून वळलेलीच आहे.

पुढच्या वर्षीच्या शिबिराला बाई स्वतः ताईचा कागद घेऊन आल्या. आम्ही तिघी होतो, ताई, आई, मी. बाबा बाहेर व्हरांड्यात हसनभाईंच्या शेजारी. बाईंनी चष्मा लावला, आकडे वाचले, एक आईकडून आलेला, एक बाबांकडून, अठरा आणि एकवीस. "अगदी साधे आकडे आहेत. तुझ्यात नाही, स्मिता. तुझ्या मुलांत कधी येणार नाही." आईने आधी बाईंचे पाय धरले, मग धावतच बाहेर गेली बाबांना सांगायला. तिचा आवाज आम्हाला आतपर्यंत ऐकू येत होता, "ऐकलंत का, ताई सुटली! आपली ताई सुटली हो!" हलीमाबीने बाहेर तिला मिठी मारलेली मला दारातून दिसली. मीही रडत होते, हसत होते, ताईला खांद्याला धरून हलवत होते. ताई मात्र खुर्चीवर होती तशीच बसली होती, कागद मांडीवर धरून. तिने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, तारखेसकट.

मग माझ्याकडे वर बघून अगदी हळू म्हणाली, "मेधू, आता हा मी कुणाला दाखवू गं?"

मी तिच्या हातातून कागद घेतला, घडी घातली आणि पाकिटात ठेवला.